टाकीतले मणी

अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेल्या घाटाखालून गंगा वाहते. मागच्या गल्लीत, काकूंच्या घरात मात्र बोरिंगचं पाणी येतं. इथल्या गाळात चुन्याचे खडे, म्हणजे कंकर, असतात. त्यांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. मग साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये पांढरी पुटं चढतात, तूरडाळ कितीही शिट्ट्या झाल्या तरी अख्खीच राहते. काकूंनी सॉफ्टनर बसवला होता, पण पाणी पुन्हा जड येऊ लागलं आणि त्याची देखभाल माझ्याकडे आली. त्या उंच नळकांड्यात काय असतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

मला वाटायचं, मीठ पाण्यात मिसळतं आणि पाणी मऊ होतं. मिस्त्रींनी समजावलं: आत रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की दाट मिठाचं पाणी ते धरलेलं सगळं हुसकावून लावतं. म्हणजे मीठ लागतं ते मण्यांना!

मग हिशेब मांडला. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. आमच्याकडे रेझिन २५ लिटर, आणि कागदी पट्टीवर जडपणा लिटरमागे ३५० मिलिग्रॅम. (भारतीय मानक २०० बरं मानतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं.) म्हणजे सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी, घरात रोज लागतं पाचशे. मीठ महिन्यातून एकदा पडत होतं, मणी आठवड्यातच भरत होते.

आयोडीन नसलेलं चार किलो खडेमीठ भिजवलं. व्हॉल्व्ह आधी ‘बॅकवॉश’वर फिरवला, उलट्या प्रवाहानं मणी सैल होतात आणि गाळ निघून जातो. नंतर खारं पाणी ओढलं जाऊ लागलं, पण इतकं हळू की यंत्र बंद पडलं असंच मला वाटलं. मिस्त्री म्हणाले, हळूच जायला हवं, मण्यांना वेळ लागतो. शेवटी ‘रिन्स’. निचऱ्याच्या नळीतलं पाणी जिभेला खारट लागेनासं होईपर्यंत मी चाखत राहिलो.

एक गोष्ट उरली. इतका जडपणा काढला की लिटरमागे सुमारे १६० मिलिग्रॅम सोडियम येतं, आणि काकूंना रक्तदाब आहे. प्यायचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर घेतला. डाळ मात्र काकू मऊ पाण्यातच शिजवतात; तिच्यात मीठ तेवढं कमी घालतात.