पाडव्याला त्याचं नाव पटावर घाल

जेऊर, ता. करमाळा
होळीनंतरचा गुरुवार

चि. ताईस,


परवा लेकाला वसतिगृहात ठेवण्याबद्दल फोनवर बोलता बोलता तू थांबलीस आणि मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज आला, "तिकडं त्याच्यासारखीच पोरं असत्यात. हितं कोण बघणार त्याला?" त्यावर तू काही बोलली नाहीस, मीही बोलले नाही. मला जे सांगायचंय ते भरल्या घरात फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. रात्री निवांत वाच आणि मग जावईबापूंनाही वाचून दाखव.

सासूबाईंवर रागावू नकोस. सहा वर्षं त्या त्याला कडेवर घेऊन फिरल्या आहेत. आता त्यांचे गुडघे बोलायला लागलेत आणि लेकरू वाढतंय. "कोण बघणार" हा त्यांचा खराखुरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एकट्या तुझ्याकडे नाही. ते गावानं द्यायचं आहे. पण गावाला कुणी अजून विचारलेलंच नाही.

तुला एक गोष्ट सांगते, आजवर कुणाला सांगितली नाही. शिक्षिका म्हणून माझ्या नोकरीची पहिली वर्षं होती. पाण्याकाठच्या वस्तीवरून एक बाप आपल्या मुलीला घेऊन शाळेत आला. तिला ऐकू येत नव्हतं. मी तिचं नाव पटावर घातलं आणि तिला मागच्या भिंतीशी बसवलं, बाकीच्या पोरांचा खोळंबा नको म्हणून. दीड-दोन महिने ती रोज आली. पुढे यायची थांबली. मी हजेरीत गैरहजेरी मांडत राहिले, तिच्या घरी एकदाही गेले नाही. काही वर्षांनी काठावर ती जाळ्यातून चिलापी मासे सोडवताना दिसली. तिनं मला लांबून ओळखलं आणि हसली. तिच्या मनात राग असता तर मला सोपं गेलं असतं. नाव पटावर असूनही लेकरू शाळेबाहेर राहू शकतं, हे मी तिच्याकडून शिकले, आणि तेही फार उशिरा.

तुझी आजी हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि आपलं गाव भीमेच्या पाण्यात गेलं. सरकारनं पुनर्वसन म्हणून नव्या गावठाणात प्लॉट दिला. कागदावर नागरी सुविधा होत्या. पण तिच्या जात्यावरच्या जोडीदारणी तीन गावांत विखुरल्या. आजी म्हणायची, "जागा मिळाली गं, पण माणसं न्हाई मिळाली." उन्हाळ्यात पाणी हटलं आणि पळसदेवचं देऊळ वर आलं, की ती काठावर जाऊन बसायची. तुझ्या लेकाच्या कागदांवरही तोच शब्द आहे, पुनर्वसन. धरणाकाठच्या माणसांना या शब्दाचा अर्थ शिकवायला नको. माणसांत परत वसलो तरच ते पुनर्वसन, नाहीतर नुसता प्लॉट.

आता कामाचं सांगते. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मोजलंय. तुझ्या लेकाचा सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. ज्याचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त आहे, अशा सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि त्यातली कोणती निवडायची हे आपण ठरवायचं. म्हणजे गावातली जिल्हा परिषदेची शाळा त्याला घेते, हे तिचे उपकार नव्हेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आधी ते काढ. त्यासाठी जायचं ते सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, जावईबापूंचा मजुरीचा दिवस जातो, सगळं मला माहीत आहे. तरीही जा. मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांना भेट. त्यांनी शाळेत येऊन त्याला कसं बसवायचं, कसं शिकवायचं हे गुरुजींना दाखवायचं असतं. प्रवासभत्त्याचं आणि मदतनीस भत्त्याचंही तिथेच विचार.

दुसरं ग्रामपंचायतीचं. पंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षाअखेरीला थोडे थोडे वाटून टाकतात आणि फोटो काढतात. तू ग्रामसभेत उभी राहा आणि शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार मागून घे. व्हरांड्यापासून संडासापर्यंत पक्की वाट माग. आपली काळी माती पहिल्या पावसात चाकाची खुर्ची गिळते, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या सरपंचांना समजावून सांगावं लागणार नाही. तो उतार पुढे म्हाताऱ्या माणसांना मतदानाला उपयोगी पडेल आणि बाळंतिणीला लेकरू घेऊन पोलिओच्या डोसाला जातानाही.

तिसरं कुठल्याच योजनेत बसत नाही. गावातल्या सुताराला बोलाव. पोराला त्याच्यासमोर बसव आणि मापानं खुर्ची करून घे, दोन्ही बाजूंना टेकण असलेली, पुढे पाटी ठेवायला फळी असलेली. शेजारच्या दोन-तीन पोरांना रोज त्याच्यासोबत जायला सांग, पण "सांभाळा" म्हणू नकोस, "बरोबर जा" म्हण. सांभाळण्याचा पोरांना आठ दिवसांत कंटाळा येतो, बरोबर जाण्याचा येत नाही. खेळात त्याला धावा मोजायला बसवतील. एवढ्यावर समाधान मानू नकोस. चेंडू त्याच्या हातात येईल असा खेळ काढायला सांग, पोरं काढतात. आणि कुणी त्याला व्यंगावरून हाक मारली तर तिथल्या तिथे थांबव, मग तो घरचा वडीलधारा का असेना. त्याला नाव आहे. बारशाला सगळ्या गावानं घुगऱ्या खाल्ल्यात.

आपल्या करमाळा तालुक्याच्या सुयश जाधवचं नाव तुझ्या कानावर आलं असेल. अकरा वर्षांचा असताना विजेच्या धक्क्यानं त्याचे दोन्ही हात गेले. त्यानं पोहणं सोडलं नाही. २०१६ला रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये उतरला, २०१८ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण जिंकलं, २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळवला. लोक तुला त्याचं उदाहरण देतील, "बघ, जिद्द असली की सगळं होतं." त्याची जिद्द थोर आहेच. मला मात्र त्याच्या गोष्टीत त्याचे वडील दिसतात. ते स्वतः पोहणारे, त्यांनीच त्याला पाण्यात उतरवलं. आणि हेही लक्षात ठेव की तुझ्या लेकानं पदक आणलं नाही तरी वर्गातली त्याची जागा त्याचीच आहे. बाकीची पोरं कुठं पदकं दाखवून शाळेत बसतात?

वसतिगृह वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था उभी केली. किती मुलांना तिथे घर मिळालं, शिक्षण मिळालं, पायावर उभं राहता आलं. पुढे मोठा झाल्यावर त्याला शिकायला लांब जावंसं वाटलं तर आनंदानं पाठव. शिकायला जाणं वेगळं आणि गावाला जड झाला म्हणून जाणं वेगळं. सहाव्या वर्षी गेलेल्या पोराला सुट्टीत परत आल्यावर गावात कुणी ओळखीचं उरलेलं नसतं. आजीचं झालं तेच.

पाडवा पंधरा दिवसांवर आलाय. त्या दिवशी शाळेत नवी नावं घालतात. मी आदल्या दिवशी एसटीनं येते. सकाळी गुढी उभारली की तू, मी आणि सासूबाई, तिघी त्याला घेऊन शाळेत जाऊ. सासूबाईंना मुद्दाम घे. सहा वर्षं त्यांनीच त्याला जग दाखवलंय, शाळेचं दारही त्यांनीच दाखवावं.

गुरुजी नाव विचारतील तेव्हा तू सांगायची घाई करू नकोस. मीही करणार नाही. त्याला सांगू दे. पहिलं अक्षर यायला त्याला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. गुरुजी थांबतील, मागं उभे असलेले आईबापही थांबतील. त्या मुलीसाठी मी थांबले नव्हते. त्याच्यासाठी सगळे थांबलेले मला एकदा बघायचे आहेत.

सासूबाईंना नमस्कार. लेकराला गोड पापा.

तुझी,
मावशी