भरलेली नळी

पहिल्या महायुद्धातल्या विनाशिकांची छायाचित्रं पाहताना नजर आधी धुराड्यांवर जाते, मग तोफांवर. पाणतिरांच्या नळ्या शोधाव्या लागतात. डेकच्या मधोमध, फिरत्या बैठकीवर जोडीजोडीनं त्या आडव्या पडलेल्या असतात. वेळ आली की त्या बाजूला वळवायच्या. दारूच्या लहानशा बारानं पाणतीर बाहेर ढकलला जायचा, निसटता निसटता त्याचं यंत्र सुरू व्हायचं आणि पुढची वाट तो स्वतःच कापायचा. सुरुवातीच्या बोटींना नाळेवरही नळी असे. पण भरवेगात बोट आपल्याच पाणतिराला गाठेल, ही धास्ती! ती नळी लवकरच गेली.

तोफेचा गोळा कुठे पडला ते पाहून पुढचा नेम सुधारता येतो. पाणतिराच्या बाबतीत ती सोय नसते. ब्रिटिशांच्या ‘ऑन्स्लो’ या विनाशिकेवर 21 इंची नळ्या होत्या चार. चुकायची चैन परवडणार कशी?

31 मे 1916. जटलंडची लढाई. ऑन्स्लोचा कप्तान लेफ्टनंट कमांडर जॉन टोवी यानं सगळे पाणतीर सोडायचा हुकूम दिला, आणि नेमके तेव्हाच बोटीवर गोळे आदळले. वाफेच्या लोटांत एकच पाणतीर सुटला. टोवीला मात्र वाटलं, सगळे गेले. नळ्या रिकाम्या झालेल्या जायबंदी बोटीनं माघारी वळावं, यात कमीपणा काहीच नव्हता. मग कळलं, तीन अजून शिल्लक आहेत! त्या क्षणी त्याला आनंद झाला असेल, असं मला काही वाटत नाही. घरी जायची मुभा हातातून निसटली होती. एक पाणतीर त्यानं आधीच निकामी होऊन पडलेल्या ‘वीसबाडेन’ या जर्मन क्रूझरवर सोडला, तो लागला. उरलेले दोन, बोट रखडत असतानाच, जर्मन युद्धनौकांच्या रांगेवर सोडले. ते वाया गेले.

अर्थात ‘वाया’ म्हणताना जपून बोलावं लागतं. त्याच संध्याकाळी जर्मन टॉर्पेडो बोटी चाल करून आल्या, तेव्हा ब्रिटिश सरसेनापती जेलिकोनं आपला अवाढव्य ताफा पाठ फिरवून दूर नेला. त्या हल्ल्यातला एकही पाणतीर लागला नाही, पण तेवढ्यात जर्मन ताफा निसटला. जेलिको वळला नसता, तर किती पाणतीर लागले असते? त्यावर वाद घालणाऱ्यांनी पुढे पुस्तकंच्या पुस्तकं भरली. मला जेलिको पटतो. लोखंडाचे डोंगर हाकणाऱ्या माणसाला असल्या चिमुकल्या बोटींची भीती वाटावी, यासाठीच तर त्या नळ्या होत्या.

टोवी पुढे ॲडमिरल झाला. 1941 मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग त्याच्याच हुकमतीखाली झाला. त्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं, पण ‘वीसबाडेन’पाशी ते अडखळतं. ती रात्रीतून बुडाली. सुमारे 590 माणसांपैकी वाचला एक, स्टोकर ह्यूगो झेन. बुडालेल्यांत गोर्च फॉकही होता. समुद्रावरच्या कोळ्यांच्या कथा लिहिणारा हा लेखक त्या नौकेवर साधा खलाशी होता. त्याचा देह वाहत स्वीडनच्या किनाऱ्याला लागला आणि तिथल्याच एका लहानशा बेटावर त्याला पुरलं.