निसर्गाची साक्ष

बीड जिल्ह्यात जीवशास्त्र शिकवणाऱ्याला अर्धगुणसूत्री विभाजन हा परीक्षेपुरता धडा म्हणून सोडून देता येत नाही. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. 2001 साली हाच आकडा 894 होता. 2012 मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि आमचा भाग राज्यभर ओळखला जाऊ लागला तो त्या बातमीनं. केदारेश्वराच्या देवळासाठी आमच्याकडच्या धर्मापुरीला येणारे लोकही तेव्हा तेच विचारायचे.

त्या काळात गुणसूत्रांचा धडा मी पोटतिडकीनं शिकवायचो. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. युग्मक, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडं, तयार होताना जोड्या सुटतात आणि कुठलं गुणसूत्र कुठल्या पेशीत जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्रपेशीत एक्स आहे की वाय, यावर ठरतं. इथवर सगळं शास्त्र. पण मी तिथं थांबत नव्हतो. निसर्गानं आईबापांना सारखाच वाटा दिलाय, तो मोडणारे आपण कोण, असं मी पोरांना विचारायचो. समतेला यापेक्षा भक्कम पुरावा नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

माझं हे मत उवांनी बदललं.

माणसाच्या डोक्यातल्या आणि अंगावरच्या उवेच्या पेशीत 12 गुणसूत्रं असतात. सहा आईची, सहा बापाची. मादी अंडी तयार करताना पुस्तकाप्रमाणेच वागते, दोन्हींकडची गुणसूत्रं मिसळून पुढं देते. नर तसं करत नाही. शुक्रपेशी घडवताना तो आईकडून आलेली सहा ठेवतो. बापाकडून आलेली आक्रसून जातात आणि टाकून दिली जातात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना उवांनी बेजार केलं होतं, प्रलापक ज्वर त्यांच्यामार्फतच पसरत होता, म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष या किड्याकडं गेलं. लिओनार्ड डॉन्कास्टर आणि ग्रॅहॅम कॅनन यांनी 1920 साली उवेच्या शुक्रपेशी कशा घडतात याचं वर्णन छापलं, तेव्हाच ही विभागणी नेहमीची नाही हे दिसलं होतं. त्याआधी एडवर्ड हिंडलनं उवांच्या जोड्या वेगवेगळ्या वाढवल्या होत्या. काही जोड्यांना सगळे नर झाले, काहींना सगळ्या माद्या, काहींना दोन्ही. पण नर बापाचा वाटा पुढं देत नाही, हे ठामपणे सिद्ध व्हायला 2018 उजाडलं. उवांच्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या जनुकांचा माग काढून संशोधकांनी ते दाखवलं. त्यांना एक बारीक गोष्टही सापडली: क्वचित बापाचं एखादं गुणसूत्र निसटून पुढं जातं.

म्हणजे उवेच्या नराला मुलगा झाला, तर त्या मुलापाशी बापाचा वंश जवळपास संपतो. तो पुढं जातो फक्त मुलीमार्फत. आणि ही फक्त उवेची तऱ्हा नाही. कपाशीवर पांढऱ्या कापसासारखा चिकटून बसणारा पिठ्या ढेकूण आमच्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. पिठ्या ढेकणांच्या कुळात नर अजून गर्भावस्थेत असतानाच बापाकडून आलेला गुणसूत्रांचा संच घट्ट गुंडाळला जातो, मुका होतो, आणि शुक्रपेशी बनताना गळून पडतो.

हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आनंदच झाला. वंशाला दिवा हवा म्हणून जिथं मुली नाकारल्या जातात, तिथं वंश मुलीच चालवतात असा जीव दाखवायला मिळाला! पण वर्गात हे सांगायची तयारी करताना पेन थांबलं. उवेचा दाखला मी मुलींच्या बाजूनं वापरला, तर उद्या दुसरा कुणी कोळिणीचा किंवा मधमाशीचा दाखला घेऊन भलतंच सिद्ध करेल, आणि त्याला मी अडवू कशाच्या जोरावर? उवेतला नर काही मुलींना मान देत नाही. तिथं कुणी कुणावर न्याय किंवा अन्याय करत नाही. गुणसूत्रांचे काही संच पुढं जातात, काही जात नाहीत, एवढंच. आणि माणसात जे समान वाटप दिसतं, तेही आमच्यासाठी कुणी ठरवून दिलेलं नाही.

तेव्हापासून मी त्या धड्यात निसर्गाला साक्षीला बोलावत नाही. मुलीच होतात म्हणून ज्या बायकांना घरात टोमणे खावे लागतात, त्यांच्यासाठी एक्स-वायची गोष्ट मी आजही सांगतो, कारण ती खरी आहे आणि ती कळल्यानं निदान एक खोटा आरोप गळून पडतो. पण मुलगी जन्माला यावी, हे मी पेशीतून काढून दाखवत नाही. ती जन्माला यावी, ती माणूस आहे म्हणून. त्यापुढं 1994 चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा सांगतो, जिल्ह्याचे आकडे फळ्यावर लिहितो, आणि मुलांना त्यावर बोलायला लावतो. त्या तासाला सूक्ष्मदर्शक कपाटातच असतो.

उवेसाठी आता वेगळा तास असतो, आणि तो जास्त मोकळा झालाय. त्यात कुणाला काही पटवायचं नसतं. आमच्या पुस्तकात प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू असतो, पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे तुर्कतंतू तिथंच जोडले जातात. उवेच्या गुणसूत्राला असा एक ठराविक बिंदू नाही. तंतू त्याच्या लांबीभर कुठंही धरू शकतात. त्यामुळं गुणसूत्राचा तुकडा पडला तरी विभाजनात तो हरवेलच असं नाही. तंतुकणिकेतला डीएनए बहुतेक प्राण्यांत एकाच मोठ्या वर्तुळात असतो. उवेत तो छोट्या छोट्या वर्तुळांत वाटलेला आहे, हे 2009 मध्ये कळलं. मुली या तासाला खूप प्रश्न विचारतात. बापाची सहा गुणसूत्रं कुठली हे पेशी ओळखते कशी, हा त्यांचा लाडका प्रश्न आहे. पिठ्या ढेकणात गुणसूत्रावर राहणाऱ्या रासायनिक खुणांवर काम झालंय, तिथून आम्ही सुरुवात करतो.