मापटे आणि ताजवा

गतवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही शिंगणापुरी आप्तांकडे उतरलो होतो. शनिदेवाच्या भरवशावर घरांस दारे न लावण्याची तेथील चाल वाचकांस ठाऊकच आहे. एके सायंकाळी अवचित पाहुणे आले. शेजारच्या वृद्ध काकूंकडून मापटेभर बाजरी उसनी आणिली. त्यांच्या कणगीत फारशी उरली नव्हती. दुसरे दिवशी गिरणीतले पीठ त्याच मापट्याने परत केले. काकू काही बोलल्या नाहीत. मापटे मात्र हातात तोलून पाहिले.

दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण, हे कोष्टक आम्हांस मुखोद्गत. पण ते जागेचे. ८० तोळ्यांचा वजनी शेर निराळा, आणि १९५८ पासून किलोने त्यासही हळूहळू मागे सारिले.

मनास खटकले, म्हणून वाण्याच्या ताजव्यावर दोन्ही जिन्नस मापटे मापटे चढविले. पीठ सुमारे तिसऱ्या हिश्श्याने हलके भरले! मापटे आपटून भरता आणखी मूठभर मावले. (चाळलेले पीठ तर याहूनही फसवे.) गणित शिकविणाऱ्याने हे करावे!

तूट घेऊन गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "कालच कळलं होतं, मास्तर. पर पाहुण्या माणसाला कसं सांगावं?"