राजगडाच्या पायथ्याहून

कापूरहोळ, भाद्रपद वद्य द्वादशी

ती. बाबांस, सा. न.

अविधवा नवमीचं पान वाढून झालं आणि तिसऱ्या दिवशी घर सोडलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पोचल्यावर लगेच कळवायचं ठरलं होतं, म्हणून रस्त्याकडेच्या हॉटेलात बसून हे लिहिणं. पावसाची पिरपिर थांबत नाही. मिसळ नव्वद रुपये आणि रश्श्यात नुसतं तिखट. भोरचा राजवाडा सकाळी पाहून झाला, लाकूडकाम सुरेख आहे.

थांबायचं होतं ते इथंच. धाराऊ गाडे या गावची. संभाजी महाराज 14 मे 1657 रोजी पुरंदरावर जन्मले. बाळंतपणानंतर सईबाईंची तब्येत ढासळली, बाळाला दूध पुरेना, तेव्हा धाराऊ त्यांची दूधआई झाली. आपलं बाळ दुसरीच्या पदराखाली शांत होताना त्या आजारी आईला काय वाटलं असेल? शेजारच्या काकू धाकटीला मांडीवर घ्यायच्या, तेव्हा आई पलंगावरून टक लावून बघत राहायची. ते डोळे दिवसभर समोर आहेत.

पाल बुद्रुक, त्रयोदशी

नसरापूर फाट्यावर वडापवाल्यानं दीड तास बसवून ठेवलं. विचारलं तर अंगावर खेकसला. पुढं मार्गासनीपर्यंत सॅक मांडीवर. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, गाडीत मात्र सगळे वेल्हेच म्हणत होते.

ज्या घरी उतरायचं ठरलं होतं, तिथल्या मावशींनी आधी चुलीपाशी बसवलं. मोजे पिळून वाळत टाकले. मग इंद्रायणीचा गरम भात, पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. दीडशे रुपये ताट. भाताला असा वास, की दोनदा मागून घेतला. आईच्या हातच्या मऊ भाताची इतकी आठवण कित्येक वर्षांत झाली नव्हती.

सईबाईंची समाधी या गावातही दाखवतात आणि वर पद्मावती माचीवरही. फलटणच्या निंबाळकरांची ही लेक. 1640 मध्ये पुण्यात लग्न झालं, तेव्हा शिवाजी महाराज दहा वर्षांचे. एकोणीस वर्षांचा संसार. सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई या तीन मुली आणि मग संभाजी. सखुबाईला बजाजी निंबाळकरांच्या घरी, महादजींना दिलं. आईचं माहेर ते लेकीचं सासर झालं.

पाल बुद्रुक, चतुर्दशी, रात्री

पाली दरवाज्यानं वर जाऊन आले. पायऱ्या निसरड्या, गुडघे आता बोलतात. बालेकिल्ला धुक्यात होता, सुवेळा आणि संजीवनी माच्या लांबूनच पाहिल्या. सगळीकडे सोनकी फुललीय. वारा असा की दात वाजत होते.

पद्मावतीच्या देवळासमोर समाधी आहे, तिथं बराच वेळ बसणं झालं. आजचीच तिथी. शके 1581, भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे 5 सप्टेंबर 1659. या गडावर सईबाई गेल्या. अफझलखान तेव्हा वाईला तळ देऊन होता. दोनच महिन्यांनी, 10 नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली त्याची भेट व्हायची होती. त्या धामधुमीत महाराजांना दुःख करायला किती दिवस मिळाले असतील?

नातवाला जिजाऊंनी वाढवलं. 6 जून 1674 ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो जिजाऊंनी पाहिला. सईबाईंना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती.

आई गेली तेव्हा संभाजी महाराज सव्वादोन वर्षांचे होते. त्या वयातलं काय आठवणार? प्रतापगडाची लढाई आपल्याला क्षणाक्षणानं माहीत आहे, पण सईबाई कशा बोलायच्या, कशाला हसायच्या, हे कुठे वाचल्याचं आठवत नाही. आजीनं, धाराऊनं सांगितलं असेल तेवढंच त्या मुलाजवळ राहिलं असेल.

आपली धाकटीही तेव्हा एवढीच होती. नवमीला तिनं विचारलं, आई हसायची कशी. तुम्ही ताटावरून उठून अंगणात गेलात. बाबा, हा राग नाही. पण थोरलीकडे आहे ते फार थोडं. बाकी सगळं तुमच्याकडेच आहे.

पत्राचे फोटो धाकटीच्याच फोनवर येतील आणि तीच तुम्हाला वाचून दाखवेल, हे ठाऊक असूनच लिहिलंय. उद्या सर्वपित्री. पान वाढून झालं की तिला जवळ बसवा. इकडून फलटण करून यायला अजून दोन दिवस. तांदूळ दोन किलो घेतलाय. रेंज फक्त वळणावरच्या वडापाशी येते, पाऊस उघडला की तिथं जाऊन धाडते.

तुमची,
थोरली