बारा बोअर आणि एक स्प्रिंग

परवा एका कोर्समेटचा मेसेज आला. त्याने सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर घेतली आहे. चार फोटो आणि खाली एक प्रश्न: "तू तुझ्या बंदुकीत बरेच बदल केले होतेस ना? यादी पाठव." यादी दोन मिनिटांत पाठवता आली असती, पण मग तिच्यातली एक वस्तू लपवावी लागली असती. म्हणून इथेच सविस्तर लिहितो. त्यालाही लिंक पाठवतो.

माझी बंदूक रेमिंग्टन ११००. हे मॉडेल १९६३ साली आलं. माझ्याकडे आली ती एका निवृत्त ब्रिगेडियर साहेबांकडून. त्यांच्या वडिलांनी, तेही फौजीच, तितरांच्या शिकारीसाठी ती घेतली होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढची बंधनं आल्यावर शिकार संपली आणि बंदूक कपाटात गेली. वर्षातून दोनदा तेल, एवढंच तिचं आयुष्य उरलं. मग डिसेंबर २०१९ मध्ये आर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली. एका परवान्यावर तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनवर आली. साहेबांकडे तीन होती. तेव्हा माझं पोस्टिंग पंजाबात होतं आणि आमच्या छावणीपासून त्यांचं घर वीस मिनिटांवर. एका संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "दुकानदाराला देण्यापेक्षा तुला देतो. पण चालवशील तर." रीतसर कागदपत्रं झाली, लेखी कळवणं झालं, मुदत संपली आणि २०२० मध्ये बंदूक माझ्या परवान्यावर चढली.

मला सेमी-ऑटोच का हवी होती, तेही सांगतो. मेजर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्यपदक आणलं, तेव्हा आमच्या वयाच्या अनेक अधिकाऱ्यांना शॉटगनचं वेड लागलं. मीही त्यातलाच. ट्रॅपचे बहुतेक नेमबाज एकावर एक दोन नळ्यांची बंदूक वापरतात. मीही तिच्यावरच शिकलो. पण नंतर काश्मीरमध्ये एका नाल्यात पडून उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पंचवीस तबकड्यांची एक फेरी झाली की हात वर होईना. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत काडतूस फुटल्यावर नळीतल्या बारीक छिद्रांमधून थोडा गॅस बाहेर पडतो आणि बोल्टला मागे ढकलतो. त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का एकदम न येता पसरून येतो. माझ्यासारख्याला नेमका एवढाच फरक हवा होता.

आता बदल.

पहिला बदल बटाचा. ब्रिगेडियर साहेबांचं घराणं सहा फुटांच्या वरचं. मी पाच फूट सहा इंच. बंदूक खांद्याला लावली की बट काखेत अडकायचा. बाजारातल्या बंदूकवाल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मला दहा वेळा बंदूक उचलायला लावली, पेन्सिलने खूण केली आणि लाकूड दोन सेंटिमीटर कापून मागे मऊ रबरी पॅड बसवला. या बंदुकीत बोल्टला परत पुढे आणणाऱ्या स्प्रिंगची नळी बटाच्या आत असते, त्यामुळे वाटेल तेवढं कापता येत नाही. कापण्यापूर्वी मी साहेबांना फोन केला होता. म्हणाले, "लकडी है यार, काट दे."

दुसरा बदल गालाच्या टेकूचा. रायफलला मागे साइट असते. शॉटगनला फक्त पुढे एक मणी. मागची साइट म्हणजे तुमचा डोळा. गाल रोज त्याच उंचीवर टेकला नाही तर छरे रोज वेगळ्या ठिकाणी जातात. बटावर एक पातळ चामडी पट्टी चिकटवली आणि खाली जाणारे छरे तबकडीवर यायला लागले. खर्च जवळपास शून्य.

तिसरा बदल म्हणजे बदल नव्हेच. मॅगझिनच्या नळीवर एक रबरी ओ-रिंग असते, ती गॅस अडवते. रबर आहे, वयाने कडक होतं. ती गेली की पुढचं काडतूस चेंबरमध्ये येत नाही. दोन जादा रिंगा नेहमी खिशात ठेवायच्या. चौथा, काडतूस भरताना अंगठ्याला चिमटे घेणाऱ्या खालच्या बटणाच्या जागी थोडं मोठं बटण. हिवाळ्यात हातमोजे घालून भरताना फार सोयीचं.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण एकदा हात लागला की थांबवत नाही. रात्री बसून परदेशी व्हिडिओ बघायचो. लांब मॅगझिन, रंगीत बोल्ट हँडल, नळीखाली टॉर्च. ट्रॅपमध्ये एका तबकडीवर जास्तीत जास्त दोन फैरी झाडायच्या असतात. लांब मॅगझिन तिथे काय कामाचं? तरी मन तिकडे धावायचं. पार्ट मागवता आले नाहीत, कारण आपल्या कायद्याने बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोजले जातात आणि ते पार्सलने येत नाहीत. एका मित्राने नळी आखूड करायचं सुचवलं, त्याला मी कलम ६ वाचून दाखवलं. मग उरला ट्रिगर.

ट्रिगर जड होता, साधारण दोन किलोचा. शिकारीच्या बंदुकीला तेवढा असावाच. पण माझा स्कोअर १८-१९ वर अडकला होता आणि मला कारण हवं होतं. मी मिस्त्रींना म्हटलं, हलका करून द्या. ते म्हणाले, "साहब, यह छेड़ने की चीज़ नहीं है." मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाजात थोडी छावणी आली असावी. त्यांनी बारीक तारेची वेगळी स्प्रिंग करून दिली. ट्रिगर एक किलोच्या खाली आला. पहिल्या आठवड्यात २१ लागले. मी सगळ्यांना सांगत सुटलो.

जानेवारीतली सकाळ होती. धुकं उशिरा उठलं म्हणून फेरी उशिरा सुरू झाली. आम्ही सहा जण होतो. ट्रॅपमध्ये पाच जागा असतात आणि सहावा पहिल्या जागेच्या मागे थांबतो. समोर पंधरा मीटरवर खंदक, त्यावर काँक्रीटचं छप्पर, आत मशीन. मशीनमध्ये तबकड्या भरणारा पोरगा वीस-एकवीस वर्षांचा. फेरी सुरू होण्यापूर्वी तो बाहेर येऊन पेटी आत घेऊन गेला होता.

माझी पाळी आली. मी तिसऱ्या जागेवर. चेंबरमध्ये काडतूस टाकलं, नळी पुढे आणि खाली, बटण दाबलं. बोल्ट पुढे गेला आणि बंदूक उडाली.

तीनेक मीटरवर जमीन फाटली. चिखल माझ्या चेहऱ्यापर्यंत आला. काही छरे पुढे जाऊन खंदकाच्या छपरावर वाजले. तो आवाज मला अजून ऐकू येतो, पत्र्यावर मूठभर वाटाणे फेकल्यासारखा. कोणालाही काही झालं नाही. पण सगळे आपापल्या जागी थिजले होते.

रेंज सांभाळायला एक निवृत्त सुभेदार साहेब होते. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. चालत आले, माझ्या हातातून बंदूक घेतली, बोल्ट उघडला, चेंबरमध्ये बोट घालून बघितलं, लाल फ्लॅग लावला आणि म्हणाले, "साहब, आप पीछे बैठ जाइए."

मी म्हटलं, "साहब, उंगली ट्रिगर पर नहीं थी." खरंच नव्हती. मी शपथेवर सांगितलं असतं.

त्यांनी विचारलं, "ट्रिगर में कुछ करवाया है?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी काहीच विचारलं नाही.

त्या बाकावर मी अर्धा तास बसलो. बावीस वर्षं मी लोकांना हेच शिकवत आलो. नव्या जवानाच्या हातून चुकून फैर झाली तर काय होतं, त्याच्या कागदांवर काय चढतं, हे मला ठाऊक आहे. त्यांतल्या काही कागदांवर माझीच सही आहे. प्रत्येकाने मला हेच सांगितलं होतं की साहेब, बोट ट्रिगरवर नव्हतं. मी एकाचंही ऐकलं नव्हतं.

दुपारी बंदूक घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चेंबरमध्ये नकली काडतूस घातलं, ट्रिगरपासून हात दूर ठेवला आणि बोल्ट जोरात पुढे सोडला. दहापैकी दोनदा हॅमर आपोआप पडला. स्प्रिंग इतकी सैल झाली होती की बोल्टच्या हादऱ्याने सिअरची पकड सुटत होती. म्हणजे बोट खरंच नव्हतं. मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. बोट नव्हतं, पण ती स्प्रिंग बसवायला तीनदा सांगणारा मीच होतो.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी खण उघडला, एक लिफाफा काढला. वर माझ्या परवान्याचा नंबर. आत मूळ स्प्रिंग, तेल लावून कागदात गुंडाळलेली. त्यांनी ती ठेवलीच होती. मी पैसे विचारले तर नको म्हणाले. मग बसवून त्यांनी बोल्ट शंभर वेळा सोडला, मोजून. एकदाही हॅमर पडला नाही.

संध्याकाळी ब्रिगेडियर साहेबांना फोन केला. लपवता आलं असतं, पण बंदूक त्यांच्या वडिलांची. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता परत मागतील. त्यांनी विचारलं, "तुझ्या डाव्या हाताला कोण उभं होतं? उजव्या हाताला?"

मला एकाचं नाव सांगता आलं. दुसऱ्याचं माहीत नव्हतं. सहा महिने त्याच्या शेजारी उभा राहून नेम धरत होतो.

"उद्या जाऊन विचार," ते म्हणाले. "आणि त्या खंदकातल्या पोराचंही."

दुसऱ्या दिवशी गेलो. बंदूक नेली नाही. चहा सांगितला, सहा जण आणि सुभेदार साहेब. तो पोरगा लांब उभा राहून पीत होता. मी जवळ गेलो, माफी मागितली. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "सर जी, मैंने सोचा आज ओले पड़ रहे हैं." घरी दोन लहान बहिणी आहेत, त्यांच्या शाळेची फी तो भरतो, हेही तेव्हा कळलं. सुभेदार साहेबांनी मला महिनाभर रेंजवर बंदूक आणू नका म्हणून सांगितलं. मी दीड महिना नेली नाही. रविवारी जाऊन स्कोअर लिहायचो.

तर मित्रा, तुझी यादी अशी. बट तुझ्या मापाचा करून घे. गाल एकाच जागी टेकेल असं कर. ओ-रिंग खिशात ठेव. बटण मोठं हवं तर घे. नळीला हात लावू नकोस. टॉर्च आणि लांब मॅगझिन यांचे पैसे काडतुसांवर घाल, स्कोअर त्यानेच वाढतो. दोन नळ्यांची बंदूक मोडून हातावर घेतली की रिकामी असल्याचं सगळ्यांना दिसतं. आपली तशी दिसत नाही, म्हणून लाल फ्लॅग कधी विसरू नकोस. कुठलाही बदल केलास तर पहिल्यांदा नकली काडतुसावर, बंद खोलीत, नळी सुरक्षित दिशेला ठेवून तपास.

आणि ट्रिगर आहे तसा राहू दे. माझा आता पुन्हा दोन किलोचा आहे. गेल्या रविवारी १९ लागले.