वारा सरकवताना

मिशिगनमधल्या आमच्या घरात वारा जमिनीतून वर येतो. तळघरात फर्नेस आहे, तिच्यापासून पत्र्याच्या नळ्या घरभर गेल्यात आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली चार बाय दहा इंचांची एक जाळी आहे. जानेवारीत तिच्यातून ऊब येते, जुलैत गारवा. बाहेर बर्फ पडत असताना त्या जाळीवर अनवाणी उभं राहण्याइतकं सुख इथे दुसरं नाही.

पण ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर मांडलं आणि या जाळीशी वैर जडलं. थर्मोस्टॅट टिक करतो, आधी खाली जाळ पेटतो, पत्रा तापतो, मग पंखा सुरू होतो. म्हणजे निरांजन लावून घंटी हातात घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. ज्योत आडवी होते आणि विझते. पुण्याहून आलेल्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "देवाला हीटर कशाला गं?"

जाळी बंद करून टाकणं सोपं होतं, पण ते बरं नव्हे. एक वाट अडवली की नळ्यांमधला दाब वाढतो आणि जोडांच्या फटींतून ऊब तळघरातच गळते. ईशान्य सोडून देव हलणार नव्हते. मग वाराच सरकवायचं ठरलं.

ती जाळी खिडकीखाली का, हे मात्र आधी समजून घ्यावं लागतं. हे घर १९६० च्या आसपासचं. तेव्हा खिडक्यांना एकेरी काच. तिच्यावरून थंड हवा खाली घसरायची आणि पायांशी साचायची. तिला वाटेतच गाठायला ऊब तिथे सोडलेली. वास्तुशास्त्र सुतारालाही असतं, आणि त्याचं कारण हात लावून तपासता येतं. आता काच दुहेरी आहे, तेव्हा जाळी तीन फूट आत घेतली तर त्याचा आत्मा तळमळणार नाही.

तळघरात जाऊन मान वर केली की घर उलट्या बाजूने दिसतं. जमिनीखालच्या तुळया दर सोळा इंचांवर, आणि दोन तुळयांमधल्या पोकळीतून सहा इंची गोल नळी खिडकीकडे गेलेली. तुळई कापायची नाही, त्यामुळे जाळी पुढे-मागे सरकू शकते, बाजूला नाही. नळीवर पांढरा कागद गुंडाळलेला असेल तर तिथेच थांबावं. एवढ्या जुन्या घरात तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो आणि त्याचं काम जाणत्या माणसाचंच. आमची नळी नुसत्या पत्र्याची होती.

फर्नेसचं बटण बंद केलं. नवऱ्याने खालून विजेच्या तारा आणि पाइप कुठे आहेत ते पाहून घेतलं, मी वरून चार कोपऱ्यांना भोकं पाडून जिगसॉ चालवली. नळी आत घ्यायची म्हणजे लांबी कमी करायची, नवीन पत्रा लागतच नाही. कापलेल्या टोकाला पकडीने निऱ्यांसारख्या चुण्या पाडल्या की ते पुढच्या तोंडात बसतं. चुण्यांचं टोक नेहमी वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे हवा जोडावर आपटत नाही. मग तीन स्क्रू आणि वर ॲल्युमिनियमची पट्टी. बाजारातली करडी कापडी डक्ट टेप इथे घेऊ नये. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी १९९८ मध्ये तपासून दाखवलं, की उष्णतेने ती डक्टवरूनच सुटते.

जुन्या जाळीखालचं पत्र्याचं तोंड सोडवलं तेव्हा त्यात अर्धवट वितळलेला निळा मेणाचा खडू निघाला. कुणाची तरी पोरं इथे चित्रं काढत पालथी पडलेली असणार. त्याच्यावर धुळीचा जाड थर, आणि त्या थरावर आमचं सामान: अक्षता, एक फुलवात, रांगोळीची कचकच. दोन कुटुंबांची ओळख व्हायला जागा बरी होती. हिंगाचा वास नव्हता. तो परतीच्या हवेबरोबर केव्हाच वरच्या मजल्यावरच्या कोटांत जाऊन बसतो.

जुन्या भोकात प्लायवूड बसवून वर ओकच्या पट्ट्या ठोकल्या. रंग थोडा वेगळा दिसतो, दिसू दे. जाळीच्या पात्या देव्हाऱ्यापासून उलट वळवल्या. निरांजन आता आरती संपेपर्यंत सरळ जळतं. खोली मात्र पूर्वीसारखी तापत नाही, कारण देवासमोर तीन फुटांवर नेमका आईचा पाट येतो. नऊवारीचा घोळ जाळीवर पसरून तिचा जप चालतो, आणि या हिवाळ्यात तो बराच लांबला आहे.